दोन कप्प्यांची पिशवी

कनोरा, सस्कॅचवान
६ फेब्रुवारी १९९४

चि. स्लावकोस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुमचं नाताळचं कार्ड पोचलं. आयलीनने दोन ओळी लिहिल्या त्या आवडल्या. तू नुसती सही ठोकलीस ती आवडली नाही. फोन करत जा म्हणतोस, पण माझ्या कानांचं तुला माहीत आहे. पलीकडे तू बोलतोयस की किटलीत पाणी उकळतंय, हे मला कळत नाही. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता चार माझ्या नावाची आली तर कुणाचं काही बिघडणार नाही.

मुद्द्यावर येते. गेल्या उन्हाळ्यात आपल्या प्रवासाच्या ट्रेलरची फळ्यांची जमीन कुजली आणि आपलं जाणं बारगळलं. मी गहूसुद्धा निवडून ठेवले होते. यंदा कुठलीही सबब ऐकून घेणार नाही. हिरवा रविवार १९ जूनला येतोय. त्या दिवशी सगळं कनोरा आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जातं, आणि आपल्या ओस्तापदादाच्या थडग्यावर बेचाळीस वर्षांत कुणी गेलेलं नाही. चोवीस वर्षांचा पोर खाणीत गेला. तार इथे पोचायच्या आत तिकडे युकॉनात मेयोला त्याला पुरूनही झालं होतं. तू तेव्हा चौदाचा होतास, तुला आईचं ते ओरडणं आठवत असेलच. थोरला परक्या मातीत एकटा पडलाय, हे ती शेवटच्या आजारातही म्हणत होती.

तिने भरून दिलेली मातीची पिशवी माझ्या कपाटात आहे. शेतावरच्या कुंपणाखालची माती, मधे शिवण घालून दोन कप्पे केलेली. एक मूठ तुझी, एक माझी, ज्याने त्याने आपल्या हाताने त्याच्या थडग्यावर घालायची. आई आपल्याला पुरती ओळखून होती. एकच कप्पा असता तर आपण तिथेही भांडलो असतो.

मी ७ जूनला बसने डॉसन क्रीकला येते, ८ला ट्रेलर जोडून निघायचं. मागचं मोठं बाक तुम्हा दोघांचं, दाराजवळचं अरुंद बाक माझं, नेहमीप्रमाणे. ट्रेलरच्या दारावरच्या नकाशावर चिकटवायचा युकॉनचा लाल तुकडा ओट्याखालच्या खणात पाकिटात आहे ना, तेवढं पाहून ठेव. पश्चिमेकडे तेवढीच एक जागा कोरी राहिली आहे. आयलीनला आशीर्वाद. तुझी माया आहे तशी राहू दे, पत्रं मात्र वाढव.

तुझी,
पावलीनाताई


डॉसन क्रीक
२७ फेब्रुवारी १९९४

ती. पावलीनाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. मी ते आयलीनला वाचून दाखवलं. 'सबब' शब्दावर ती हसली आणि मला कोपर मारलं.

ट्रेलर ठीक आहे. जमीन नवी घातली, चाकांचा आस तपासला. तू तुझ्या लोणच्याच्या बरण्या आणणारच, तेव्हा त्या पुढच्या बाकाखाली ठेवायच्या. मागे वजन पडलं की ट्रेलर शेपटी हलवतो आणि गाडीला ओढत नेतो. दोन स्टेपन्या घ्यायच्या, एक नाही. पुढच्या खिडकीवर जुना गालिचा बांधायचा, कारण समोरून येणारे ट्रक खडी उडवतात आणि काचेचा चुरा होतो. पेट्रोलचा पंप दिसला की टाकी अर्धी असली तरी भरायची, पुढचा पंप चालू असेलच असं नाही. वाटेत लिआर्डला गरम पाण्याचं कुंड आहे. पोहायचा पोशाख आण, पण डोकं बुडवू नकोस. केसांना तीन दिवस नासक्या अंड्याचा वास राहतो. त्याच्या पुढे एका धाब्यावर ताटाएवढा दालचिनीचा पाव मिळतो, चौघांत एक पुरतो.

लाल तुकड्याची काळजी करू नकोस, तो आपल्या जागी आहे. नियम मला तुझ्याहून पक्का पाठ आहे. जिथे एक रात्र झोपलो आणि सकाळी चहा प्यालो, त्याच प्रांताचा तुकडा लावायचा. नेस्टरभाऊजींनी नोव्हा स्कोशिया एक दिवस आधीच चिकटवलं तेव्हा मी सुरीने खरवडून काढलं होतं आणि ते दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. बिचारे. त्यांची आठवण येते.

जूनमध्ये गिरणीत माझी पाळी कशी लागते ते अजून कळायचं आहे. कळलं की लिहितो. ताईचा हात डोक्यावर आहेच, तो तसाच असावा.

तुझा,
स्लावको


कनोरा
१५ मार्च १९९४

चि. स्लावकोस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

शहाणा झालास रे. मला वाटायचं तुला डॉसन क्रीकच्या वेशीबाहेरचं काही ठाऊक नाही. आणि तू तर लिआर्डच्या पाण्याचा वास केसांत किती दिवस राहतो तेही सांगतोस. कुणाच्या केसांचा वास घेत बसला होतास? आयलीनला विचारलं पाहिजे. आणि तो पाव चौघांत कसा? आपण तर तिघंच. चौथा वाटा तू खाणार असशील, लहानपणापासूनची खोड आहे.

माझी तयारी जोरात आहे. गहू पुन्हा निवडले. तिथे पोचल्यावर उकडीन, मध आणि खसखस घालीन, ओस्तापला आवडायचे तसे. चर्चच्या तळघरात आम्ही दर गुरुवारी बटाट्याच्या करंज्या मुडपायला बसतो ना, तिथे मी सगळ्यांना सांगून टाकलं. आता पंधरा बायका रोज विचारतात, पावलीना, कधी निघणार? फादरांनी छोट्या बाटलीत मंतरलेलं पाणी दिलं आहे. त्यांतल्याच मारूस्याने मच्छरांसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी शिवून दिली. ती घालून मी आरशात पाहिलं तर मध काढायला निघाल्यासारखी दिसले.

एक गोष्ट मनातली सांगते, हसू नकोस. गेल्या वर्षी बेत मोडला तेव्हा मी तुला लिहिलं की हरकत नाही. हरकत होती. मी जुलैभर पडदे लावून बसले होते. मला बासष्ट झाली, स्लावको. नेस्टर गेले, आई गेली. ओस्तापचा चेहरा आठवणारे आता आपण दोघंच आहोत, आणि तुलाही तो अर्धाच आठवत असणार. म्हणून या वेळी मागे-पुढे करू नकोस.

पाळीचं कळव. लोभ तर आहेच, त्याच्यावर धूळ साचू देऊ नकोस.

तुझी,
पावलीनाताई


डॉसन क्रीक
२४ एप्रिल १९९४

ती. पावलीनाताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. थोडी अडचण आली आहे. आयलीनचा गुडघा सुजला आहे आणि गिरणीत जूनभर माझी पाळी लागली. ऑगस्टात जमलं तर पाहू, पण तेव्हा पाऊस असतो. खरं सांगायचं तर मला तुझीही काळजी वाटते. दिवसाला सहा-सहा तास खड्ड्यांतून बसायचं, रस्त्यात डॉक्टर नाही, तुला ऐकू कमी येतं. तिथे पोचून तरी काय दिसणार? जुन्या खाणकामगारांच्या लाकडी पाट्या केव्हाच कुजल्या असतील. कमरेएवढ्या गवतात आपण कुठे शोधत फिरणार?

आयलीनने एक सुचवलं, मलाही पटलं. तू ती पिशवी मला पार्सलने पाठवून दे. कधी ना कधी तिकडे माझं जाणं होईल, तेव्हा दोन्ही कप्पे मीच घालीन, तुझ्या नावानेही. आईला चाललं असतं.

तू म्हणशील जमिनीचीही थापच होती, म्हणून ट्रेलरचा फोटो सोबत पाठवतो. उघड्या दारातून नव्या फळ्या दिसतील बघ. एका दुपारात बसवल्या.

आशीर्वाद असू दे.

तुझा,
स्लावको


कनोरा
५ मे १९९४

स्लावको,

आशीर्वाद आज लिहीत नाही, हात चालत नाही.

फोटो पाहिला. फळ्या छान बसवल्यास. पण पोस्टात बसून एकतीस वर्षं मी पुसटलेले शिक्के वाचले, आणि ते भिंग अजून माझ्या टेबलावर आहे. फोटोत दार उघडं आहे आणि दारावर नकाशा आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल तुकडा चिकटवलेला आहे.

आधी वाटलं, डाग असेल. मग वाटलं, आयलीनच्या भाच्यांनी खेळता खेळता लावला असेल. तसं तू चालवून घेतलं नसतंस. नेस्टरचा तुकडा सुरीने खरवडणारा माणूस दुसऱ्या कुणाचा तुकडा राहू देणार नाही. म्हणजे तू युकॉनमध्ये झोपलास आणि सकाळी उठून चहा प्यालास. बहिणीशी खोटं बोललास आणि नकाशाशी बोलला नाहीस. लाल तुकडा आपल्या जागी आहे म्हणून लिहिलं होतंस, तो अगदी आपल्या जागी आहे.

मग सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. खडी, गालिचा, केसांचा वास, चौघांत एक पाव. मी थट्टा करत बसले होते. पंधरा बायकांना सांगून ठेवणारी मूर्ख म्हातारी.

ट्रेलर आपल्या दोघांचा आहे. माझ्या बाकावर कोण झोपलं होतं? गेल्या जुलैत मी इथे पडदे लावून बसले होते, तेव्हा माझ्या बाकावर कोण झोपलं होतं, एवढं लिही. आणि पिशवी पार्सलने मागायला तुझी जीभ धजली कशी?

पावलीना


डॉसन क्रीक
१४ मे १९९४

ती. पावलीनाताईस,
सा. न. वि. वि.

सगळं सांगतो. फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

जमीन खरंच कुजली होती, पण ती जूनमध्येच दुरुस्त झाली. जुलैत आयलीनचा भाऊ कर्ट आणि त्याची बायको युकॉनला मासेमारीला निघाले, आम्हालाही चला म्हणाले. ट्रेलरमध्ये जागा चौघांचीच. आयलीन म्हणाली, ताई आल्या की थडगं, प्रार्थना, रडणं, सुट्टी अशी उरणारच नाही. मी तिला गप्प करायला हवं होतं, केलं नाही. पुढच्या वर्षी ताईला वेगळी नेऊ म्हणालो आणि मन मारलं. तुझ्या बाकावर कर्टची बायको झोपली. आता मोकळेपणाने लिहिलं.

पण एक ऐक. मेयोचा फाटा लागला तेव्हा मी गाडी थांबवली. तिथून ओस्तापदादा तासाभराच्या अंतरावर होता. कर्ट म्हणाला वळू या, मी म्हटलं नाही. त्याला भेटायचं ते ताईबरोबर. मी वळलो नाही, ताई. तेवढं मी तुझ्यासाठी राखून ठेवलं. ट्रेलरमध्ये झोपलो, तुकडा लावला, कारण नियम तो नियम. पण दादाकडे तुझ्याशिवाय गेलो नाही.

तू एकटीने बसने जायचं मनात आणशील, मी तुला ओळखतो. जाऊ नकोस. तिथे गवताशिवाय काही नाही. मन मोडेल. पुढच्या वर्षी आपण दोघंच जाऊ, आयलीनसुद्धा नको, आईशपथ.

मोठेपणा तुझ्याकडे आहे, चूक माझ्याकडे. पदरात घे.

तुझा,
स्लावको


मेयो, युकॉन
२० जून १९९४

श्री. मिरोस्लाव्ह यांस,
स. न. वि. वि.

तुझ्या पूर्ण नावाचा हा मायना वाचून दचकू नकोस. तो असा का, ते खाली येईल.

तुझं चौदा मेचं पत्र वाचून मी चुलीपाशी बसून रडले. राग होता, पण फाट्यावर गाडी थांबवून न वळलेला तू डोळ्यांपुढे आलास आणि निम्मा राग तिथेच उतरला. मारूस्या म्हणाली, इतक्या सहजी माफ करू नकोस. मी म्हटलं, एक गोष्ट तरी त्याने माझ्यासाठी राखली. तुझी पुढच्या वर्षीची शपथ मात्र मला परवडणारी नव्हती, म्हणून निघाले. बस डॉसन क्रीकला चाळीस मिनिटं थांबली. मी उतरून चहा प्याले आणि पुन्हा बसले. तुझं घर तिथून दहा मिनिटांवर आहे, ते मला ठाऊक आहे.

व्हाइटहॉर्सहून मेयोला टपालाची गाडी येते. ड्रायव्हरला मी पोस्टातली आहे म्हटल्यावर त्याने पुढची सीट रिकामी केली. तुझ्या त्या फाट्यावर मी त्याला गाडी थांबवायला लावली, उतरले, दोन मिनिटं उभी राहिले. माझा भाऊ इथे थांबला होता आणि माझ्यासाठी वळला नाही, असं त्याला सांगितलं. त्याने टोपी काढली, भला माणूस.

काल हिरवा रविवार होता. ज्यांच्याकडे उतरले त्यांच्या ओट्यावर गहू उकडले. गवत कमरेएवढं नव्हतं, स्लावको. स्वच्छ कापलेलं होतं. हेलमी नावाच्या एक म्हाताऱ्या बाई आहेत, नवरा त्याच खाणीत होता, त्याच सगळं राखतात. ओस्तापचं नाव सांगितलं तर शोधावं लागलं नाही. लांबूनच त्यांनी बोट दाखवलं. नवा क्रूस आहे, तीन आडव्या पट्ट्यांचा, आपल्या चर्चवर आहे तसा. पट्टीचा सांधा मी लगेच ओळखला. आईच्या पावाच्या पेटीला तू असाच सांधा केला होतास. खाली पितळी पट्टीवर ओस्तापचं नाव, साल, आणि भाऊ मिरोस्लाव्ह याने उभारला. पट्टी नावांनी भरली आहे. खाली थोडी जागा असती तर मी म्हटलं असतं, माझ्यासाठी सोडली असेल.

हेलमीबाई सांगत होत्या, मी त्यांच्या ओठांवरून वाचत होते. म्हणाल्या, गेल्या जुलैत याचा भाऊ आला होता, क्रूस घरून करून ट्रेलरमध्ये घालून आणला होता. खूप रडला. आणि म्हणाला की भावंडांतला आता मी एकटाच उरलो आहे. मी त्यांना पुन्हा विचारलं, वाटलं माझ्या कानांचाच दोष. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, हळू, एक बोट वर करून.

ट्रेलर, बाक, मासेमारी, ते मी गिळलं असतं. मी सोबत का नाही, हे सांगायची तुला लाज वाटली असेल, हेही कळतं. पण लाज झाकायला तू मला पुरून टाकलंस. आणि महिन्यापूर्वी कागदावर लिहिलंस की दादाकडे तुझ्याशिवाय गेलो नाही. त्या फाट्यावर मी एका परक्या माणसाला टोपी काढायला लावली, स्लावको.

मग हेलमीबाईंनी विचारलं, तुम्ही याच्या कोण? पाच दिवस बसमध्ये बसून मी बेचाळीस वर्षांचं उत्तर द्यायला आले होते. त्या तुझ्या क्रूसाकडे बघून बोलत होत्या, तुझ्या रडण्याबद्दल बोलत होत्या. मी म्हटलं, मी त्यांच्या गावची, ओळखीची. सख्ख्या भावाच्या थडग्यावर मी परकी झाले, कारण मी बहीण म्हटलं असतं तर तू खोटारडा ठरला असतास. अजूनही तुला सांभाळायची सवय सुटत नाही बघ.

क्रूस चांगला केला आहेस. मी रुमालाने पुसला, गहू ठेवले, फादरांचं पाणी शिंपडलं. माझ्या कप्प्याची शिवण दाताने उसवली आणि माती घातली. तो एकटा नाही, एवढं त्याला सांगितलं. इथे रात्र झोपले, सकाळी चहा प्याले. तुझा लाल तुकडा खरवडू नकोस. तू इथे झोपला होतास, नियम तो नियम.

तुझा कप्पा तसाच शिवलेला आहे. तो मी परत नेते आहे. पोस्टाने पाठवणार नाही, आणि तुझ्या नावाने घालणारही नाही, आईने ज्याने त्याने आपल्या हाताने घालायला सांगितलं होतं. तुला तो हवा असेल तर कनोराला ये आणि दार वाजव, जोरात, मला ऐकू कमी येतं. मी दार उघडीन आणि विचारीन, तुम्ही कोण. आपलं नातं काय ते उंबऱ्यावर उभं राहून तुझ्या तोंडाने सांग. मग पिशवी देईन.

लोभ ठेव असं आज लिहिता येत नाही. तो उंबऱ्यावर ठरेल.

तुमच्या गावची,
पावलीना